गुरुजींचं पथ्य

गुरुजी, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. गेली चौदा वर्षं मी तुम्हाला एकच प्रश्न विचारत आले आणि दर वेळी तुम्ही गालातल्या गालात हसून विषय बदललात. अंबरपेठेतली ती पूजा झाल्यावर घरी जाऊन तुम्ही गुपचूप क्षमाप्रार्थना म्हटलीत की नाही, एवढंच मला हवं होतं. म्हटली असणार, याची मला खात्री होती. मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला आपल्याला दुसऱ्याचं मन वाचता येतं असं वाटत असतं, त्यात मी पुण्याची. उत्तर मिळालं ते तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी, काकूंकडून. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आपली ओळखच भांडणाने झाली. मला हैदराबादेत येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. नवऱ्याला इथल्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही पुणं सोडलं, आणि नल्लकुंट्यात एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन मी पाटी लावली. पाटीवर ‘मानसोपचार’ असं वाचून लोक जिना चढण्याआधी दोन्हीकडे बघून घ्यायचे. सुधाताईंचे मिस्टर वकील होते, ते मात्र उजळ माथ्याने बायकोला घेऊन आले. (सुधाताई हे त्यांचं खरं नाव नाही. हे सगळं लिहा, असं त्यांनीच मला सांगितलं आहे.)

सुधाताईंचा एकुलता एक मुलगा सॉफ्टवेअरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला आणि त्यांच्या रोजच्या पूजेत काही ना काही चुकायला लागलं. म्हणजे त्यांना तसं वाटायला लागलं. देवाला वाहायच्या आधी फूल पदराला लागलं का, गंध लावताना मनात भलता विचार आला का. चुकलं वाटलं की पुन्हा अंघोळ आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. चूक तशीच राहिली तर तिकडे मुलाला काहीतरी होईल, ही भीती. पूजा आटोपेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि आटोपायला दुपारचे तीन वाजायचे. हाताची कातडी सोलवटली होती, वजन उतरत चाललं होतं, एकदा त्या देवघरातच चक्कर येऊन पडल्या होत्या. असंच आणखी काही महिने चाललं असतं तर बाई हातची गेली असती, हे वकीलसाहेबांना कळत होतं आणि मलाही.

आणि या सगळ्यात त्यांच्या मदतीला होतात तुम्ही, त्यांच्या घरचे वर्षानुवर्षांचे गुरुजी. ज्या फोनसाठी लोकांनी वर्षंच्या वर्षं नंबर लावून वाट पाहिली, तो त्या दिवसांत मागितल्यावर मिळायला लागला होता. तो त्यांच्या घरी आला आणि तुमच्याही. मग सुधाताई दिवसातून दहा-बारा वेळा तुम्हाला फोन करून विचारायच्या, गुरुजी, असं असं झालं, चालेल का? तुम्ही दर वेळी न कंटाळता सांगायचात, चालेल. फारच रडल्या तर एखादं छोटंसं प्रायश्चित्त. त्यांना तासभर हायसं वाटायचं. मग पुन्हा फोन.

शेवटी तुम्हाला एक युक्ती सुचली. तुम्ही कोरी कॅसेट आणलीत आणि घरच्या टेपरेकॉर्डरसमोर बसून आवाहनापासून क्षमाप्रार्थनेपर्यंत सगळी पूजा तुमच्या त्या खणखणीत आवाजात भरून दिलीत. कॅसेटबरोबर पूजा केली की काही सुटायचा प्रश्नच नाही, असा तुमचा सरळ हिशोब. सुधाताईंनी ती इतक्या वेळा मागे नेऊन ऐकली की महिन्याभरात फीत तुटली. त्या रडत तुमच्याकडे आल्या आणि तुम्ही दुसरी भरून दिलीत.

हे ऐकलं आणि मी तरातरा बरकतपुऱ्याला तुमच्या घरी आले. काय काय बोलले ते आठवलं की आजही कानकोंडं व्हायला होतं. तुमच्याहून वीस वर्षांनी लहान, पायातल्या चपला दारात काढायच्या आधीच मी सुरुवात केली. तुम्ही त्यांना बरं वाटू देता म्हणून त्या बऱ्या होत नाहीत, असं म्हटलं. तुमचं प्रत्येक ‘चालेल’ म्हणजे त्या आजाराला एकेक घास आहे, असंही म्हटलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात घेऊन उभ्या होत्या. एका परक्या बाईने आपल्या नवऱ्याला असं फैलावर घेतलेलं त्यांनी तोवर पाहिलं नसावं.

मला वाटलं होतं, तुम्ही शास्त्रं काढाल. तुम्ही मला आधी बसायला सांगितलंत. मग म्हणालात, “हौ, डॉक्टरबाई. मला पण हल्ली असंच वाटून राहिलं होतं. त्या देवाकडे बघतच नाहीत. आपल्या हाताकडे बघतात.”

मी डॉक्टर नाही, असं मी सांगितलं. ते तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं नाहीत. पण ते वाक्य मी त्या दिवशी उचललं आणि तेव्हापासून वापरते आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी या आजाराबद्दल पहिलं तेच सांगते, आणि ते बरकतपुऱ्यातल्या एका भिक्षुकाचं आहे हेही सांगते. पुस्तकांत चार पानं लागतात त्याला.

उपाय मी तुम्हाला त्याच बैठकीत सांगितला. या आजारात भीती वाटते ती गोष्ट घडू द्यायची आणि मग ती निस्तरायची नाही, तशीच राहू द्यायची. भीती चढते, चढते आणि आपली आपण उतरते. सुधाताई याला तयार होत्या, रडत का होईना. पूजेत एक काहीतरी मुद्दाम सोडायचं आणि ते भरून काढायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. पहिल्यांदा ते त्यांच्या गुरुजींसमोर व्हायला हवं होतं, नाहीतर त्यांनी मागाहून तुम्हालाच फोन केला असता. काय सोडायचं, ते तुम्ही सुचवा, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, तांबूल सोडू, प्रदक्षिणा सोडू, कुठलाही उपचार सोडू, शेवटी क्षमाप्रार्थना आहेच, तिच्यात सगळं भरून निघतं.

तिथेच माझ्या लक्षात आलं. सगळी पूजा झाल्यावर हात जोडून म्हणायचं ते मागणं: मंत्र चुकला असेल, कृती चुकली असेल, भक्ती कमी पडली असेल, तर तू पूर्ण मानून घे. सुधाताईंचा दिवस जायचा तो तिथेच. क्षमा नीट मागितली गेली का, हीच त्यांची शेवटची शंका असायची आणि तिला अंत नव्हता. मी म्हटलं, मग तीच सोडायची. क्षमा न मागता उठायचं.

तुमचा चेहरा उतरला. तुम्ही म्हणालात, “बाई, ती मी यजमानासाठी नाही मागत. माझ्यासाठी मागतो. चाळीस वर्षं मागितल्याशिवाय उठलो नाही कधी.” आणि थोड्या वेळाने, “त्या पोराला काही झालं तर?”

होणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. तुम्हाला कसं ठाऊक, असं तुम्ही विचारलंत, वाद घालायला नव्हे, खरंच जाणून घ्यायला. मला ठाऊक नव्हतंच. तुम्ही त्या दिवशी नकार दिलात. आठ दिवसांनी तुमची लुना झेरॉक्सच्या दुकानासमोर थांबली, तुम्ही जिना चढून आलात आणि पाणीसुद्धा न घेता करू म्हणालात. का तयार झालात, ते ना तुम्ही सांगितलंत, ना मी विचारलं. मला तेव्हा फक्त माझी केस दिसत होती.

ती सकाळ मला लख्ख आठवते. अंबरपेठेत सुधाताईंच्या घरी त्या पाटावर, तुम्ही शेजारी, मी भिंतीला टेकून. आरती झाली, मंत्रपुष्प झालं. तुम्ही हात जोडलेत आणि ओठ मिटून घेतलेत. सुधाताई तुमच्या तोंडाकडे बघत होत्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग त्या विनवायला लागल्या, मला नाही, तुम्हाला. “गुरुजी, मी नाही म्हणत. तुम्ही तरी म्हणा. माझ्या पोरासाठी म्हणा.” हे त्या कितीदा म्हणाल्या असतील देव जाणे. दीड तास त्या रडत होत्या आणि तुम्ही समोर मांडी घालून बसून होतात. एकदाच बोललात, “नाही म्हणणार, सुधाताई. मी पण तुमच्याबरोबर तसाच बसलोय.” बाराच्या सुमाराला त्यांचं रडं ओसरलं. त्यांनी उठून आपल्या हाताने तिघांची पानं वाढली आणि कित्येक महिन्यांनी वेळेवर चार घास खाल्ले.

खाली उतरताना तुम्ही जिन्याचा कठडा धरून मधेच थांबलात आणि माझ्याकडे पाणी मागितलंत. तुमच्या कपाळावर घाम होता. मी पाणी दिलं आणि सुधाताईंनी किती छान केलं, यावर बोलत राहिले. तुम्हाला कसं वाटतंय, हे विचारायचं मला सुचलं नाही. दुसऱ्यांना दिवसभर हेच विचारून पोट भरणारी बाई मी.

मग मी नियम घालून दिले. सुधाताईंनी रोज एकदाच पूजा करायची आणि क्षमा न मागता उठायचं. तुम्ही त्यांच्या घरी पूजा सांगायला जायचं नाही, पुतण्याला पाठवायचं. एकमेकांशी पूजेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तुम्ही ते इतकं काटेकोर पाळलंत की लग्नाकार्यात त्या भेटल्या तर तुम्ही त्यांच्याशी लोणच्याच्या कैऱ्यांवर अर्धा तास बोलायचात. त्यांचे हात बरे झाले, साड्यांवरचे ब्लाउज परत उसवून सैल करावे लागले. वकीलसाहेबांनी मला पेढे दिले. तुम्हालाही दिले असते, पण नियम आड आला.

तिथून आपली मैत्री सुरू झाली, आणि वादही. दर शनिवारी संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे चहाला यायचात. पूजेने मन शांत होतं म्हणून माणसाने पूजा शोधून काढली, असं मी एकदा म्हटलं तर तुम्ही चक्क चिडलात. शांती मिळाली तर मिळाली, नाही मिळाली तर काय पूजा वाया गेली? औषध म्हणून देव घ्यायला लागलं की लोक डोस विचारायला लागतात, असं म्हणालात. मी म्हटलं, लोक आधीपासूनच विचारतायत, गुरुजी, म्हणून तर तुमचा फोन सारखा वाजत होता. तुम्ही हसलात, पण हार मानली नाहीत. मीही नाही मानली. देव आहे की नाही यावर आपण कधी बोललोच नाही. ते दोघांनाही जरा बालिश वाटायचं.

या वादापेक्षा तुमच्या चिठ्ठ्या जास्त मोलाच्या होत्या. शहराच्या त्या टोकाला काचेच्या इमारती उठत होत्या आणि पुण्या-मुंबईहून आलेली जोडपी तुमच्याकडे वास्तुशांतीला, ग्रहशांतीला येत होती. नवरा दोन-दोन दिवस ऑफिसात, बायको अकराव्या मजल्यावर एकटी, आणि व्हिसाचं काय होतं या काळजीत दोघंही. तुम्ही पत्रिका बघायचात आणि त्यांना माझ्याकडे पाठवायचात. पंचांगाच्या पानाच्या कोपऱ्यावर लिहिलेलं असायचं: ‘यांचे ग्रह ठीक आहेत. झोप ठीक नाही.’ एक गृहस्थ भडकले होते. शांतीला गेलो तर भटजीने वेड्यांच्या दवाखान्यात पाठवलं, म्हणून त्यांनी सगळ्या नातेवाइकांत तुमची बदनामी केली आणि पाच-सहा घरांची भिक्षुकी सुटली. तुम्ही हे मला सांगितलंत ते दोन वर्षांनी, दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीच्या ओघात. माझ्या क्षेत्रातल्या किती जणांनी माझ्यासाठी असं केलं असतं, हे मी मोजत नाही. उगाच माणसं मनातून उतरतील.

आणि याच शनिवारच्या चहाला मी तुम्हाला चिडवायचे. खरं सांगा, त्या दिवशी घरी जाऊन म्हटलीत ना? तुम्ही हसून साखर मागायचात. दोनदा मात्र उलट तुम्हीच मला विचारलंत, अगदी सहज, कपात बघत: सुधाताईंचं पथ्य अजून चालू आहे का? पेशंटबद्दल मी बाहेर बोलत नाही, असं मी ताठ्याने सांगितलं. तुमच्याशीही नाही, असंही वर म्हटलं. तुम्ही म्हणालात, तुमचं सोवळं आमच्यापेक्षा कडक आहे. मला तेव्हा ती शाबासकी वाटली होती.

पाचव्या दिवशी मी काकूंना भेटायला गेले, तेव्हा घरात गर्दी नव्हती. पुतण्या खाली माणसांशी बोलत होता. बोलता बोलता मी हसून म्हटलं, की माझा एक प्रश्न गुरुजी अनुत्तरित ठेवून गेले. कुठला, ते सांगितलं. काकूंनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. त्यांना वाटत होतं, मला ठाऊक आहे.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या सकाळनंतर तुम्ही घरच्या पूजेत क्षमाप्रार्थना म्हटलीच नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही. यजमानांकडे म्हणायचात, पण ती आता फक्त त्यांच्यासाठी. स्वतःच्या देवासमोर आरती झाली की हात जोडून गप्प उठायचात. पहिले काही महिने तुम्हाला जेवण जायचं नाही, असं काकू म्हणाल्या. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा म्हणालात, त्या बाईला पथ्य सांगायचं आणि आपण खायचं, हे मला नाही जमणार. तिचं सुटेल तेव्हा माझं सुटेल. आणि हे कुणाला कळता कामा नये, नाहीतर सुधाताई स्वतःला दोष देतील.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही अंथरुणावर होतात. पुतण्या देवघरात पूजा करायचा आणि तुम्ही पडल्या पडल्या ऐकायचात. काकू तुमच्या उशाशी बसून म्हणाल्या, आता तरी एकदा म्हणून घ्या. तुम्ही मान हलवलीत. “पथ्य डॉक्टरांनी सोडवायचं असतं,” म्हणालात. “आपल्या मनाने नाही.”

मग काकूंनी मला विचारलं, “त्यांचं सुटलं का हो? सुधाताईंचं?”

गुरुजी, त्यांचं वर्षभरातच सुटलं. मीच सोडवलं. आता एकदाच, सावकाश, बाकीच्या पूजेसारखं म्हणायला हरकत नाही, असं त्यांना सांगितलं, आणि तेरा वर्षं त्या रोज ते एकदा म्हणतात आणि उठतात. तुम्हाला सांगायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण तुम्हाला मी पथ्य सांगितलंय हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही विचारलंत दोनदा, तेव्हा मी माझं सोवळं सांभाळलं. होय किंवा नाही, एका शब्दाचं काम होतं.

हे मी काकूंना सांगितलं. लपवता आलं असतं. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “उगी परेशान होऊ नका. तुम्ही सांगितलं असतं तरी ह्यांनी सोडलं नसतं. अंगवळणी पडलं होतं त्यांच्या.”

किती बरं वाटलं म्हणून सांगू. जिना उतरेपर्यंत टिकलं. सातव्या दिवशी मी परत गेले, जाताना केळी नेली आणि इकडचं तिकडचं बोलून पुन्हा विचारलं, खरंच नसतं सोडलं? काकू म्हणाल्या, खरंच. बाराव्या दिवशी मी पुन्हा त्यांच्यासमोर बसले होते आणि तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला. आपण काय करतोय, हे मला पुरतं कळत होतं. तरी विचारला.

काकू तांदूळ निवडत होत्या, ते ताट त्यांनी बाजूला ठेवलं. “डॉक्टरबाई,” त्या म्हणाल्या, “आता नाही सांगणार.”

मी जरा वेळ तशीच बसले. त्यांनी विषय बदलला नाही आणि दुसरं काही बोलल्याही नाहीत, माझ्याबरोबर नुसत्या बसून राहिल्या. मग मी उठले. तुम्ही त्या तेरा वर्षांत रोज सकाळी काय सोसलंत, आणि ते माझ्यामुळे होतं की तुमच्या स्वभावामुळे, हे मला आता कधीच कळणार नाही. तुमच्यासारखा माणूस मला भेटला, याचा आनंद मात्र या सगळ्याहून मोठा आहे. तुमची क्षमा मागावी असं रोज मनात येतं, गुरुजी. अजून मागितलेली नाही.